अपवादाची ओळ

एकदा एक देश राजाशिवाय जागा झाला.

राजाला लोकांनीच घालवले होते. तो काही राक्षस नव्हता. तो देवळे बांधी, सणासुदीला मिठाई वाटी. पण त्याच्या राज्यात सकाळी आपल्या ओसरीवर बसलेला माणूस संध्याकाळी बंदिशाळेत असू शकत असे, आणि का, हे विचारण्याची सोय नव्हती. शेत कसणाऱ्याचे असे ते राजाची मर्जी असेपर्यंत. मर्जी फिरली की त्याच शेतात दुसऱ्याचे बैल दिसत. खोऱ्याखोऱ्यांतल्या लोकांनी हे पुष्कळ वर्षे सोसले आणि मग एका वर्षी सोसले नाही. लढाई झाली, माणसे मेली, राजा पळाला. आता उरलेल्या लोकांना स्वतःलाच ठरवायचे होते, की यापुढे एकमेकांशी वागायचे कसे.

त्यासाठी सभा भरली. नदी जिथे खाडीला मिळते त्या गावात, जुन्या जकातघराच्या मोठ्या दालनात, प्रत्येक खोऱ्याचे प्रतिनिधी जमले. सभेच्या प्रमुखस्थानी एक वृद्ध आचार्य होते. त्यांनी आयुष्यभर न्यायशास्त्र शिकवले होते आणि ते शिकवल्याबद्दल राजाच्या बंदिशाळेत काही वर्षे काढली होती. तिथल्या अंधाराने त्यांची दृष्टी अधू झाली होती. म्हणून लिहिण्याचे सगळे काम त्यांचा शिष्य प्रसेन करीत असे.

प्रसेन लहान असताना साथीत त्याचे सारे घर गेले. आचार्यांनी त्याला पाठशाळेत आणले, वाढवले, शिकवले. आता तो तिशीच्या घरात होता. अक्षर मोत्यासारखे, बुद्धी तल्लख, आणि बोलणे असे, की भांडणारे दोघेही आपलाच विजय झाला असे समजून घरी जात. देशाच्या नव्या सनदेचा मसुदा त्याच्याच हातचा. त्यातली पहिली ओळ त्याने सभेत प्रथम वाचून दाखवली, तेव्हा लढाईत दोन मुले गमावलेला एक म्हातारा प्रतिनिधी लहान मुलासारखा रडला होता.

ती ओळ अशी होती : ‘प्रत्येक माणूस जन्मतः स्वतंत्र आहे, त्याचा जीव, त्याचे मन आणि त्याचे श्रम हे त्याचे स्वतःचे आहेत.’

अडचण आली ती किनाऱ्याकडून.

खाडीच्या पलीकडे समुद्रालगतची पट्टी होती. तिथे मिठागरे होती आणि ती सारी एका व्यापाऱ्याच्या ताब्यात होती. त्याला सगळे शेठ म्हणत. मिठागरांत काम करणारी माणसे बांधील होती. बाप बांधील म्हणून मुलगा बांधील, आई बांधील म्हणून मुलगी बांधील. कधीकाळी कुणा पूर्वजाने कुठल्या तरी दुष्काळात स्वतःला बांधून घेतले होते म्हणे. त्यांच्या घोट्यात तांब्याचे कडे असे. तेवढ्यावरून ती कुणाची माणसे, हे कुणालाही कळे.

लढाईच्या काळात खाडी बंद होती आणि खोऱ्यांनी वर्षभर अळणी खाल्ले होते. ज्याने अळणी खाल्लेले नाही त्याला ते कळायचे नाही. गुरे भिंती चाटीत होती. म्हाताऱ्या माणसांच्या पायांत गोळे येत होते. आता शेठच्या मिठाच्या गाड्या घाटाच्या पायथ्याशी भरून उभ्या होत्या आणि शेठ सभेत आला होता.

“मी तुमच्यात यायला तयार आहे,” तो प्रसेनला बाजूला घेऊन म्हणाला. “बंदर तुमचं, मीठ तुमचं. तुमची ती पहिली ओळही झकास आहे. फक्त मिठागरातल्या माणसांना ती लागू नाही, एवढं लिहा.”

“शेठ, ‘प्रत्येक माणूस’ असं लिहिलंय.”

“लिहा की! त्याच्याखाली एक अपवाद लिहा. कुठल्या नियमाला अपवाद नसतो? आणि नाही लिहिलंत तर मी खाडीपलीकडे, तुम्ही अलीकडे. खा अळणी.”

प्रसेनने विचार केला. तो दुष्ट नव्हता. देश एक झाला पाहिजे, मीठ घाटावर गेले पाहिजे, बाकीचे हळूहळू सुधारता येईल, असे त्याला मनापासून वाटले. त्याने अपवाद लिहिला. वाक्य इतके सफाईदार उतरले, की त्याचे त्यालाच समाधान वाटले : ‘मात्र मिठागरांत परंपरेने बांधील असलेल्या व्यक्तींस उपरोक्त कलम लागू असणार नाही.’

मग तो आचार्यांकडे गेला आणि त्यांना ते वाचून दाखवले.

आचार्यांनी विचारले, “कोण आहेत रे ही माणसं? एखाद्याला ओळखतोस?”

“नाही, आचार्य.”

“एकाचं तरी नाव?”

“नाही.”

“बरं,” आचार्य म्हणाले. “उद्या सभेत सनद तू वाचू नकोस. मला पाठ आहे. मी सांगेन.”

प्रसेनला वाटले, आचार्यांनी मान्य केले. हायसे वाटून तो झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी दालन गच्च भरले. प्रतिनिधी रांगांनी बसले होते. शेठ पुढच्या बैठकीवर होता आणि त्याच्यामागे भिंतीला टेकून त्याचा एक बांधील माणूस उभा होता. राकट, मधल्या वयाचा, तळपायांना खाऱ्या पाण्याच्या भेगा पडलेला. शेठचा पाण्याचा तांब्या आणि थैली त्याच्यापाशी होती. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते. प्रसेनही नाही.

आचार्यांनी सनद म्हटली. पहिली ओळ आली तेव्हा दालनात सळसळ झाली. मग अपवादाची ओळ आली. काहींनी माना खाली घातल्या, कुणी विरोध केला नाही. आणि मग आचार्य म्हणाले,

“या ओळीत माझी एक भर आहे. ‘मिठागरांत परंपरेने बांधील असलेल्या व्यक्ती, आणि माझा शिष्य प्रसेन, यांस उपरोक्त कलम लागू असणार नाही.’”

प्रसेनला वाटले आपण चुकीचे ऐकले. त्याने मान वर केली. आचार्यांची अधू नजर त्याच्या रोखाने होती, पण चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

“शेठ,” आचार्य पुढे म्हणाले, “बंदरावर तुम्हाला लिहिता-वाचता येणारा माणूस हवा आहे, असं ऐकलं. याच्याइतका हुशार माणूस या देशात नाही. हा तुम्हाला बांधील म्हणून मिळाला, तर खोऱ्यांना काय द्याल?”

शेठ आधी हसला. मग हसायचा थांबला. तो हाडाचा व्यापारी होता, समोर आलेला सौदा त्याला सोडवत नसे. त्याने प्रसेनकडे नीट पाहिले, बाजारात पाहतात तसे.

“खरंच म्हणताय?”

“सभेसमोर म्हणतोय.”

“मग गाड्या आत्ता सोडतो,” शेठ म्हणाला. “आणि वर्षभर खोऱ्यांना लागेल तेवढं मीठ फुकट. माझा शब्द.”

प्रसेन उभा राहिला. तो आचार्यांकडे पाहत राहिला. ज्या हातांनी तापात त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या होत्या, ते हात शांतपणे मांडीवर होते.

“ज्यांना ही भर मान्य आहे,” आचार्य म्हणाले, “त्यांनी हात वर करावा.”

मागच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसले. प्रसेनला त्या हसण्याने एकदम धीर आला. अर्थातच! हे सगळे आता हसतील आणि हा विचित्र प्रकार संपेल.

पण दुसरे कुणी हसले नाही.

एका खोऱ्याचा प्रतिनिधी घसा खाकरून म्हणाला, “म्हणजे... हा एकटाच ना? याच्यानंतर आणखी कुणी नाही?”

“एकटाच,” आचार्य म्हणाले. त्यांचा आवाज किंचित बदलला होता.

“नाही, वाईट वाटतंच,” तो माणूस म्हणाला. “पण माझ्याकडे पोरं आजारी आहेत हो. मिठाशिवाय आता निभायचं नाही.” आणि त्याने हात वर केला.

दुसरा म्हणाला, “त्याला मागेपुढे कुणी नाही. बायको नाही, मुलं नाहीत. त्यातल्या त्यात तेवढं तरी बरं.” त्याचाही हात वर गेला.

मग तिसरा, मग त्याच्या शेजारचा. पहिल्या ओळीला रडलेल्या म्हाताऱ्याने डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांनी हात उचलला. प्रसेन एकेका चेहऱ्याकडे पाहत होता. या माणसांबरोबर तो जेवला होता. यांची भांडणे त्याने मिटवली होती. त्याची नजर श्रीकरवर गेली. श्रीकर त्याचा पाठशाळेतला सोबती, एका ताटात जेवलेला. लढाईत श्रीकरच्या दंडात बाण घुसला तेव्हा प्रसेनने त्याला खांद्यावर घालून ओढा ओलांडला होता. श्रीकर जमिनीकडे पाहत होता. प्रसेन मनातल्या मनात म्हणत राहिला, नको, नको. श्रीकरने हात वर केला. तोच हात, ज्याच्या दंडावर तो व्रण होता. पूर्ण वर नाही, खांद्याएवढाच.

तेवढा पुरेसा होता. बहुमत झाले.

आचार्यांना हात नीट दिसत नव्हते. त्यांनी शेजारच्याला हलक्या आवाजात विचारले, “किती?” शेजाऱ्याने सांगितले. आचार्यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी पुन्हा विचारले. शेजाऱ्याने पुन्हा तेच सांगितले.

तोवर शेठ उठला होता. “ठरलं तर,” तो म्हणाला. “कायदा तुमचा, मत तुमचं. माणूस माझा.” त्याने मागे न पाहता चुटकी वाजवली.

भिंतीशी उभा असलेला बांधील माणूस पुढे आला. थैलीतून त्याने तांब्याचे एक कडे काढले आणि प्रसेनच्या पायाशी गुडघे टेकले. इतक्या सहज, की जणू हे काम त्याने अनेकदा केले होते. थंड धातू प्रसेनच्या घोट्याला लागला आणि खीळ बसली. पळावे असे त्याला वाटले नाही. ओरडावे असेही नाही. त्याला फक्त एवढेच समजत नव्हते, की सकाळी अंघोळ करून, धोतर नेसून जो इथे आला, तो माणूस आता कुठे गेला. आपण तर तेच आहोत. हात तेच, नाव तेच. कुणीही आपल्याला शिव्या दिल्या नाहीत, कसला आरोप केला नाही. नुसते हात वर झाले.

“थांबा,” आचार्य म्हणाले.

ते उठायचा प्रयत्न करीत होते. कुणीतरी आधार दिला तो त्यांनी झिडकारला.

“मी तुम्हाला धडा द्यायला निघालो होतो,” ते म्हणाले. “मला वाटलं होतं, एकही हात वर होणार नाही. तुम्ही माझ्यावर चिडाल, ओरडाल, आणि मग मी तुम्हाला विचारेन, की एका ओळखीच्या माणसासाठी जे सहन होत नाही ते अनोळखी हजारोंसाठी कसं सहन झालं? एवढंच बोलायचं ठरवून आलो होतो. तुम्ही मला ते बोलूच दिलं नाहीत.”

कुणाचाही हात आता वर नव्हता.

“आपण राजाला का घालवलं? तो क्रूर होता म्हणून? नाही. आपलं जे आहे ते त्याच्या मर्जीवर आहे असं तो समजत होता, म्हणून. आज त्याच्या एका मर्जीच्या जागी आपल्या सगळ्यांच्या मर्ज्या आल्या, एवढाच फरक. या पत्राला तुम्ही सनद म्हणता. मीही म्हणत आलो. ती चूक होती. सनद वरचा खालच्याला देतो, आणि देणारा परत घेऊ शकतो. आपण इथे कुणाला काही देत नाही आहोत. हा मुलगा स्वतंत्र आहे तो आपल्या मतांमुळे नाही. आपण जमायच्या आधीपासून आहे. आपण जमलो ते त्याचं जे आहे ते राखायला. ही कबुली आहे, सनद नव्हे. आणि कबुलीला अपवाद लिहिला, की पहिल्या ओळीला आपणच हरताळ फासला. अपवाद म्हणजे दार. एकदा ठेवलं, की त्यातून कोण जाईल हे तुमच्या हातात राहत नाही. काल ते मिठागराएवढं होतं. आज त्यातून माझा मुलगा गेला.”

‘माझा मुलगा’ हे शब्द त्यांनी यापूर्वी कधी उच्चारले नव्हते.

दालनात कुणीतरी हुंदका दिला. श्रीकर धडपडत उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

“काढा त्याचं नाव!” तो ओरडला. “प्रसेनचं नाव काढा, मी हात मागे घेतो. सगळेच घेऊ! तेवढं नाव वगळा आणि बाकी होतं तसं राहू द्या. शेठ, तुमचं मूळ म्हणणं आम्हाला मान्य आहे, आधी होतं तसंच!”

“हो, हो,” चहूकडून आवाज उठले. “होतं तसं राहू द्या.”

शेठने खांदे उडवले. “मला काय! मूळ सौदा तर मूळ सौदा.”

सगळ्या दालनाने एकदम श्वास सोडला. आणि प्रसेननेही. नंतर कितीतरी वर्षे त्याला या एका क्षणाचा धक्का आधीच्या सगळ्या धक्क्यांपेक्षा मोठा वाटत राहिला. त्याने मान डोलावली होती. त्याचे डोळे भरून आले होते, ते कृतज्ञतेने. आपण वाचलो, यापलीकडे त्या वेळी त्याच्या मनात काही नव्हते.

त्याच्या पायाशी बसलेल्या माणसाने कड्याची खीळ सोडवली. कडे काढून त्याने थैलीत टाकले आणि तो उठला. चेहरा कोरा होता. त्याला राग आलेला दिसत नव्हता, दुःखही नाही. ज्याच्याविषयी काही बोलणे झालेलेच नाही, अशा माणसासारखा तो परत भिंतीकडे निघाला. चालताना त्याच्या स्वतःच्या घोट्यातले कडे हलले. त्याखालची कातडी काळी पडून जनावराच्या खांद्यासारखी घट्ट झाली होती.

प्रसेनने आपल्या घोट्याकडे पाहिले. तिथे नुसता थंडावा होता आणि तोही जात चालला होता.

“दादा,” तो म्हणाला. “थांबा.”

माणूस थांबला नाही. आपल्याला कुणी दादा म्हणत असेल हे त्याच्या ध्यानातच आले नाही.

प्रसेन लेखनाच्या चौरंगापाशी गेला. चुकलेली अक्षरे झाकायला लेखक पिवळा हरताळ वापरतात, त्याची वाटी तिथे होती. त्याने बोट बुडवले.

“फक्त नाव,” श्रीकर घाईने म्हणाला. “नाव तर त्यात अजून लिहिलेलंही नाही, प्रसेन. काही खोडायची गरजच नाही.”

“आहे,” प्रसेन म्हणाला आणि त्याने अपवादाची संपूर्ण ओळ हरताळाने झाकून टाकली. आपल्या मोत्यासारख्या अक्षरांवरून बोट फिरवताना त्याला मुळीच वाईट वाटले नाही, याचे त्याला आश्चर्य वाटले. मग तो वळला. “काल मी ही ओळ लिहिली. आज तुम्ही हात वर केलेत ते माझ्याच वाक्याखाली. ज्याला हे पत्र असं मान्य आहे, बिनअपवादाचं, त्यानं सही करावी. ज्याला नाही, त्यानं जावं. पण ही ओळ यात परत येणार नाही.”

“मग मीठही येणार नाही,” शेठ म्हणाला.

“ठाऊक आहे.”

शेठ निघाला. त्याच्यामागे काही प्रतिनिधीही उठून गेले. ते वाईट नव्हते, घरी आजारी मुले असलेले होते. दारापाशी शेठने हाक मारली, “चल रे.”

बांधील माणूस जागचा हलला नाही. त्याने प्रसेनकडे पाहिले, पहिल्यांदाच.

“नाही गेलो तर?” त्याने विचारले.

“तर तुम्हाला कुणी नेऊ शकत नाही,” प्रसेन म्हणाला. पलीकडून आचार्य म्हणाले, “कुणीही नाही.” आणि जे प्रतिनिधी उरले होते ते, कुणी न सांगता, दार आणि तो माणूस यांच्यामध्ये येऊन उभे राहिले. त्यात श्रीकरही होता.

माणसाने हे सगळे पाहिले. मग त्याने शेठचा तांब्या आणि थैली खाली ठेवली, त्या माणसांमधून वाट काढली आणि तो शेठच्या मागोमाग निघून गेला.

“गेला!” कुणीतरी म्हणाले. “इतकं करून गेला!”

“त्याची माणसं तिकडे आहेत,” आचार्य म्हणाले.

सह्या झाल्यावर, दालन रिकामे झाल्यावर, प्रसेन आचार्यांसमोर येऊन बसला.

“शेठनं मला नेलं असतं तर?” प्रसेनने विचारले. “पुढे काय करायचं ठरवलं होतं तुम्ही?”

“काही नाही. तशी वेळ येईल असं वाटलंच नव्हतं.”

“तुम्ही मला विचारलं नाहीत, आचार्य. माझं नाव घेताना तुम्ही मला विचारलं नाहीत.”

आचार्यांनी मान खाली घातली. “नाही विचारलं. चांगल्या हेतूनं का होईना, तुझ्या जिवावर मी माझा धडा मांडला. तो अधिकार मला नव्हता. हे पत्र पहिल्यांदा कुणी मोडलं असेल तर मी.” आणि त्या वृद्धाने शिष्यापुढे हात जोडले.

प्रसेनने ते हात धरले. पण तो ‘असू द्या’ म्हणाला नाही. आणि आचार्यांनाही ते बरे वाटले.

पुढचे दिवस कठीण गेले. खोऱ्यांत लोक सभेला शिव्या देत अळणी जेवत होते. प्रसेन त्या गावातच राहिला. एके सकाळी, मोठ्या ओहोटीच्या वेळी, खाडीकाठच्या लोकांनी आरडाओरडा केला आणि तो धावत गेला.

खाडीचे पाणी पार ओसरले होते. पलीकडच्या किनाऱ्यावरून, कमरेएवढ्या चिखलातून, माणसे येत होती. बायका, पुरुष, डोक्यावर बोचकी, कडेवर मुले. सगळ्यांच्या पुढे तोच माणूस होता. त्याच्या पाठीवर एक म्हातारी होती, वाळलेल्या काटकीसारखी, दोन्ही हातांनी त्याची मान धरलेली. मागे किनाऱ्यावर शेठचे लोक उभे होते, पण चिखलात उतरायला ते धजत नव्हते.

प्रसेन तसाच चिखलात शिरला आणि त्याने हात दिला. तो माणूस धापा टाकत काठावर आला. म्हातारीने प्रसेनकडे बारीक डोळ्यांनी पाहिले.

“लिवनारा तो तूच का?” तिने विचारले.

“हो, आजी.”

“माझा ल्योक सांगतो, तुमच्या कागदात आमी सुटलो. त्यात आमचं नाव कुठं लिवलंय?”

“कुठंच नाही.”

म्हातारीचा चेहरा भीतीने आक्रसला. मुलाच्या मानेभोवतीची तिची पकड घट्ट झाली. मागून येणारी माणसे चिखलातच थबकली. ज्याच्या वाणीची सगळ्या खोऱ्यांत कीर्ती होती त्या प्रसेनला आता अगदी साधे बोलायचे होते आणि तेच अवघड जात होते.

“माझंही नाही, आजी,” तो म्हणाला. “कुणाचंच नाही. नाव लिहावं लागतं ते माणसाला वगळायचं असलं तरच.”

म्हातारीने हे ऐकले. ओठ हलवीत तिने ते स्वतःशी पुन्हा म्हणून पाहिले. तिला पटले की नाही, हे प्रसेनला सांगता आले नसते. थोड्या वेळाने तिने मुलाच्या खांद्यावर थाप मारली.

“उतरव मला खाली,” ती म्हणाली. “मी हुबी ऱ्हाते.”